वाळवंटातला लंडनचा पूल

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आम्ही पहाटे निघालो तेव्हा सासूबाई मागच्या सीटवर शाल लपेटून बसल्या होत्या. सासरे हिवाळ्यात गेले. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. मग एका संध्याकाळी टीव्हीवर ॲरिझोनातला एक दगडी पूल दाखवला आणि त्या एकदम म्हणाल्या, "मला तिथं न्या."

थेम्सवरचा जुना लंडन ब्रिज एका अमेरिकनाने विकत घेतला, दगड सुटे करून जहाजाने आणले आणि वाळवंटात पुन्हा उभा केला, हे मी ऐकून होते. आपल्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं सासू-सासरे लंडनला होते, हेही माहीत होतं. त्यांचा मुलगा अनिल, माझा नवरा, त्यालाही याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

"आई, त्यापेक्षा पुढच्या वर्षी लंडनचीच ट्रिप प्लॅन करू ना," तो म्हणाला होता.

"तिथं आता दुसराच पूल आहे. मला जुना बघायचाय."

दिवसभर ड्राइव्ह. आधी बदामाच्या बागा, मग पिवळ्या टेकड्या, मग काहीच नाही. बार्स्टोच्या पुढे एका चढणीवर गाडी तापली. बॉनेट उघडून उभे होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने थांबून पाणी दिलं आणि एसी बंद करून हीटर लावायला सांगितलं, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. कुठं निघालात, असं त्याने विचारलं. लंडन ब्रिज म्हणताच तो हसला. "त्यात बघण्यासारखं काही नाही. खाली मासे मात्र झकास मिळतात."

मग त्या उन्हात हीटर लावून आम्ही घामाघूम पुढे गेलो. सासूबाईंनी तक्रार केली नाही. रात्री नीडल्सला रस्त्याकडेच्या एका मोटेलमध्ये उतरलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांनी अर्धी दशमी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सकाळी एका वळणावर पूल दिसला. उघड्या, भाजक्या डोंगरांच्या पायथ्याशी निळंशार पाणी आणि त्यावर करड्या ग्रॅनाइटच्या पाच भारदस्त कमानी. असं बांधकाम मी फक्त चित्रांत पाहिलं होतं. कठड्यावर काळे, नक्षीदार दिवे. कमानींखालून स्पीडबोटी ओरडत जात होत्या. काठावर नारळासारखी ताडाची झाडं, लाल टेलिफोन बूथ, एक दुमजली बस आणि इंग्लंडमधल्या खेड्यासारखी सजवलेली दुकानं. मला ते सगळं आवडलं, हे कबूल करते. मी कॅमेरासुद्धा काढला.

सासूबाईंनी दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या, इंग्रजी बाईचा पोशाख घातलेल्या विक्रेतीला विचारलं, "पुलाचं दक्षिणेचं टोक कुठलं? लंडनमधलं दक्षिण."

तिला प्रश्न कळेना. अनिलने पुन्हा समजावून विचारला.

"ते कुणीच विचारत नाही हो," ती म्हणाली. "आणि आतून सगळं काँक्रीट आहे. बाहेरचा दगड तेवढा लंडनचा."

"आई, दक्षिण कशाला हवी?"

"दवाखाना त्या बाजूला होता."

त्या चालू लागल्या. कठड्यावर हात ठेवला आणि चटका बसून लगेच ओढून घेतला. शालीचा पदर हाताखाली घेऊन पुन्हा ठेवला. आम्ही मागोमाग. पुलाच्या मध्यावर त्या थांबल्या.

"रात्र होती, धुकं होतं. कोळशाच्या धुरानं पिवळं झालेलं. बस बंद, टॅक्सी मिळेना. शरयूला श्वास घेता येत नव्हता. मी तिला कोटात घेतली आणि तुझ्या बाबांनी एक हात या कठड्यावर ठेवला, एका हाताने मला धरलं. पुढचं पाऊल दिसत नव्हतं. कठडा धरूनच चाललो."

"शरयू कोण?" अनिलने विचारलं.

"तुझी मोठी बहीण. दीड वर्षाची होती."

खालून एक बोट गेली. त्यातल्या मुलांनी आम्हाला हात केला.

"मध्यावर कुठंतरी तिची घरघर थांबली," त्या म्हणाल्या. "मला कळलं. ह्यांना सांगितलं नाही. पुढे चालत राहिले. मला वाटायचं, तो दगड हाताला लागला तर ती जागा कळेल. पण तो गार होता रे, ओला, बर्फासारखा. हा तसा नाही. आणि कुठून कुठं गेलो तेही कळत नाही."

अनिलने त्यांना धरलं. "आई, घरी जाऊ या," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्यांनी ऐकलं नाही. त्या उन्हात त्या एका टोकाला गेल्या, मग दुसऱ्या टोकाला. पुन्हा मध्यावर आल्या. शेवटी आम्ही दोघांनी आधार देऊन त्यांना गाडीत बसवलं. कॅमेऱ्यात एकही फोटो नव्हता.

निघताना मला वाटलं होतं की जुनी वास्तू पाहून त्यांचं मन हलकं होईल. माणसं प्रवासाला निघतात ती अशाच काही आशेने. पण परतीच्या वाटेवर त्या आणखी दूर गेल्यासारख्या वाटल्या. ती रात्र ज्याने त्यांच्याबरोबर पाहिली होती, तो एकच माणूस होता आणि तो राहिला नव्हता. आम्ही नुसते ऐकणारे. एवढे मैल तुडवून आम्ही त्यांना फक्त एवढंच दाखवून आणलं, की तिथं परत जाता येत नाही.

घरी पोचल्यावर अनिलने चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी बसला. मग त्याने विचारलं, "कशी दिसायची ती?"

त्यांनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"चेहरा आठवत नाही आता," त्या म्हणाल्या. "वजन आठवतं."