साहेबांच्या टेबलावरची जेट्टी

आमच्या लाँच कंपनीचे कॉम्प्युटर मी सांभाळते. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून आगरदांड्याच्या तिकीट खिडकीतली मशिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवतो. दसऱ्याला ती खाली काढली, झेंडूच्या माळा घातल्या, सुरू केली, तर प्रत्येक पडद्यावर तेच: विंडोजचा परवाना संपला. संपणारच. मशिनांनी अधूनमधून मुख्य ऑफिसातल्या सर्व्हरशी संपर्क साधला, तरच परवाना पुढे चालतो. आणि जेट्टीची नेटवर्कची लाइन शिमग्यापासून तुटलेली. दुरुस्त करा म्हणून साहेबांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

साहेब फोनवर म्हणाले, "पेनड्राइव्हवरून क्रॅक टाका, परवान्याशिवाय चालतं. सगळे टाकतात."

"मी नाही टाकणार. परवाना आपण विकत घेतलाय. स्वतःच्या घरात मी चोरासारखी का शिरू?"

माळांसकट सगळी मशिनं टेम्पोत घालून मुख्य ऑफिसात नेली. नेटवर्कची मोकळी वायर फक्त साहेबांच्या केबिनमध्ये होती. त्यांच्याच टेबलावर एकेक मशीन जोडलं. परवाने मुकाट्याने चालू झाले.

साहेब दारात येऊन थबकले. "मग मी बसू कुठे?"

"जेट्टीवर बसा," मी म्हटलं. "तिथली खुर्ची रिकामी आहे. लाइन जोडेपर्यंत ही मशिनं इथनं हलणार नाहीत."