मधलं नाव

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. नाव माझ्या आत्याने ठरवलं. मी चौथी शिकलेला, तांदळात अक्षर वळेना, म्हणून भटजींनी माझा हात धरून गिरवून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईचं जन्माचं नाव तिथे संपलं. ती पुढे कधीतरी भात वाढता वाढता म्हणायची, "माझा नाव थय तांदळातच रवला. त्या तांदळांचो भात कोणी खाल्लो, देवाक म्हायत." म्हणायची आणि हसायची. पण म्हणायची.

चारचौघांत मी तिला 'अगं' म्हणायचो. आम्ही दोघंच असलो की माहेरचं नाव. ते मी इथे लिहीत नाही. ज्याला हवं त्याने सरकारी राजपत्र उघडून बघावं, तिथे छापलंय. ते कसं छापलं तेवढं सांगतो.

शेवटी ती इस्पितळात होती. सिस्टर येऊन हाक मारायची, कागदावरचं नाव घेऊन, मोठ्याने. ही ढिम्म. सिस्टर म्हणाली, "पेशंट रिस्पॉन्स देत नाही." मी कानाशी वाकून माहेरचं नाव घेतलं. ती लगेच म्हणाली, "ओ." पोरीसारखी. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मग जितके दिवस राहिली तितके दिवस सिस्टरही त्याच नावाने हाक मारायची, आणि ही दर वेळी ओ द्यायची.

मृत्यूचा दाखला मात्र दुसऱ्याच नावाने आला. ज्या नावाला ती ओ देत नव्हती, त्या नावाची बाई मेली असं सरकारने लिहून दिलं. मग माझी कुठे गेली? तिचं खरं नाव एकाही कागदावर नव्हतं. गावची शाळा चार दिवस बघितलेली, तिथलंही काही उरलं नाही. मी गेलो की ते नाव घेणाराही कोणी उरणार नव्हता.

दाखल्याच्या खिडकीवर जाऊन म्हटलं, नाव दुरुस्त करून द्या. तिथला माणूस चांगला होता. समजावून बोलला, "आजोबा, हिचे सगळे कागद ह्याच नावाचे आहेत. आता गेल्या माणसाचं नाव कसं बदलणार? नाव बदलायला माणूस जिवंत लागतो."

खाली येऊन टपरीवर कटिंग चहा घेतला. मी जिवंत होतो. ती गेल्यापासून पहिल्यांदा ह्या गोष्टीचा काही उपयोग दिसला.

जन्मभर तिच्या नावात मध्ये माझं नाव होतं. रेशनकार्डावर, बँकेत, सहीत, सगळीकडे. आता माझ्या नावात मध्ये तिचं घालायचं. बापाचं काढायचं आणि बायकोचं लावायचं. हिशोब सरळ होता.

मुलगा मुलुंडला राहतो. ऐकून उभाच राहिला.

"बाबा, डोकं फिरलंय का? आजोबांचं नाव काढणार? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या आईने तिच्या बापाचं काढलं तेव्हा लोक काय म्हणाले?"

"काय म्हणणार?"

"जेवून गेले. आताही बोलव, जेवतील."

"अरे, पण माझ्या नावात तुमचं नाव आहे ना, यार!"

"आहे ना? मग ते ठेव. तुझ्या नावाला कोणी हात लावलाय?"

बापाचं म्हणाल तर त्याचं नाक माझ्या तोंडावर आहे. दर वर्षी पितृपक्षात कावळ्याला त्याच्या नावाची वाडी ठेवतो. त्याचं काही कमी होत नाही.

आमच्या विक्रोळीला स्टेशनकडे जाताना एक बाई झेरॉक्सचं दुकान चालवते, ऑनलाइन फॉर्मही भरून देते. तिने कॉम्प्युटरवर राजपत्राचा फॉर्म उघडला. जुनं नाव लिहिलं, नवं नाव लिहिलं. मग थांबली.

"काका, कारण काय टाकू?"

"लग्न."

"तुम्ही लग्न करताय?"

"केलंय गं. तिच्याशीच. ती गेली."

"काका, लग्नाचं कारण बायका देतात. तुम्ही 'इतर' टाका, पटकन होईल."

"बायकोला चालतं ते नवऱ्याला का नाही? लग्न दोघांचं होतं. लग्नच टाक."

तिने टाकलं. कॉम्प्युटरने काही तक्रार केली नाही. माणसांनी केली. अर्ज परत आला, कारण पुन्हा तपासा म्हणून. मी कचेरीत गेलो. दारातच एक काळा कोट भेटला. कागद वरखाली करून म्हणाला, "किचकट आहे, आजोबा. वकिलाशिवाय जमणार नाही."

"नाव माझं, बायको माझी. मध्ये तुम्ही कुठे बसणार? मध्ये ती बसणार आहे."

आत टेबलावर एक मॅडम होत्या. म्हणाल्या, "आईचं नाव लावताय का? आता लावतात लोक."

"आई नाही. बायको."

शेजारच्या टेबलावरचा एकजण फस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "लग्न कधी झालं?"

"गिरणीचे भोंगे वाजायचे तेव्हा."

"मग आता कशाला?"

"लग्न वेळेवर झालं. माझ्या बाजूने नाव लावायचं राहून गेलं होतं."

त्यांनी दाखला बघितला. "पण हिचं नाव तर वेगळं दिसतंय. तुम्ही मागताय ते हे नाहीच."

मग मी तांदळाचं सांगितलं. शेजारचा आता हसत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, 'लग्न' राहू दे. पण ही बाई आणि ती बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र लागेल. ते तुमचं तुम्हाला करता येईल. शपथेवर सांगायचं."

शपथ घ्यायला उभा राहिलो. समोरच्या साहेबांनी वाचून दाखवलं, अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती. विचारलं, खरं आहे? मी म्हटलं, खरं आहे. तिचं खरं नाव सरकारी माणसाच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याने ते सरळ, स्वच्छ घेतलं. साहेबाला काय माहीत त्याने काय केलं ते.

राजपत्रात आलं. झेरॉक्सवाल्या बाईने प्रिंट काढून दिली आणि मला नवी सही शिकवत बसली. मधलं अक्षर माझ्याकडून तिरकं जायचं. रद्दीच्या पेपरवर पानंच्या पानं भरली. लग्न झाल्यावर हीसुद्धा चुलीपुढे बसून राखेत माझं नाव गिरवत बसायची, रेशनवर सही करायची म्हणून. तेव्हा मी चेष्टा करायचो. आता माझी चेष्टा करायला कोणी नव्हतं, तरी मी घाईत पेपर झाकत होतो.

आधार बदललं. मुलाने कार्ड हातात घेतलं, नाव वाचलं आणि म्हणाला, "आईचं हे नाव होतं? मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "आता पाठ कर."

परवा प्रेशरच्या गोळ्यांसाठी त्याच इस्पितळात गेलो. बाकडी भरलेली. खिडकीतल्या माणसाने केसपेपरवरचं पूर्ण नाव ओरडून पुकारलं. माझं, मग तिचं, मग आडनाव. दोन-चार माना वळल्या. एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

"ओ!" म्हणालो. इतक्या जोरात की बाकड्यावरचं एक पोर दचकलं.

खिडकीवर गेलो. तो कागदाकडे बघत म्हणाला, "बाबा, हे मध्ये बाईचं नाव पडलंय. टायपिंगची चूक दिसते. काढून टाकू?"

"हात लावून बघ," मी म्हटलं.