वाळवंटातला ऊस

मी युद्धपत्रकारावर कादंबरी लिहीत होतो. माझी स्वतःची पत्रकारिता येरमाळ्याची: यात्रा, रास्ता रोको, सत्कार. युद्ध पाहिलं ते टीव्हीवर, तेही जेवता जेवता. तरी नायकाला थेट वाळवंटात धाडलं, त्याची झोप उडवली, दाढी वाढवली. दाढी तर मला फारच जमली होती.

बायकोला वही वाचायला दिली आणि कौतुक ऐकायला समोरच बसलो. तिनं मान वर केली.

“अवो, उसावर कोयत्याचा आवाज आला की ह्यो माणूस थरथरतोय. वाळवंटात ऊस कुठनं आला?”

खोडायला पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

काही वर्षांपूर्वी ढोकीच्या रस्त्याला, ऊस आधी कुणाचा तोडायचा यावरून दोन चुलत भाऊ भांडत होते. बातमी मिळेल म्हणून मी गाडी थांबवली. एकानं कोयता घातला. दुसरा माझ्या पायाशी पडला आणि म्हणाला, “पानी.” आमच्या बातमीत नाव, वय, राहणार हे लागतंच. मी वाकून विचारलं, “वय किती तुमचं?” त्या बिचाऱ्यानं सांगितलंसुद्धा. मी लिहून घेईपर्यंत तो गेला होता. पाण्याची भरलेली बाटली माझ्याच गाडीला अडकवलेली होती. बातमी बिनचूक छापून आली, शाबासकीही मिळाली.

तेराव्यानंतर त्याची आई आमच्या घरी आली होती. “माझ्या लेकराच्या तोंडात पानी पडलं व्हतं का?”

“मीच पाजलं,” असं मी म्हणालो. ती पाया पडली, मी पडू दिलं. बायकोनं हे ऐकलं होतं. तेव्हापासून ती मला जरा मान द्यायची आणि तो मला लई गोड लागायचा.

सगळं ऐकून बायको म्हणाली, “ती माउली दरसाल हुरडा धाडती. तुमी त्येच्यासंगं चटनी मागून मागून खाता.”

मला लाज वाटली. परवा यंदाचा हुरडा आला, तो तसाच घेऊन मी त्या माउलीच्या घरी गेलो. मी काही बोलायच्या आधी तिनं तांब्याभर पाणी आणलं.

“घ्या, उन्हातनं आलाव.”

मी तांब्या खाली ठेवला.

“मावशी,” मी म्हणालो, “मी त्याला पाणी दिलं नव्हतं.”