बिडाला बोल्ट मऊच लागतो

सुदामदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी टिटवाळ्याला मेहुण्याच्या नव्या घरी वास्तुशांतीच्या पंगतीत बसलो होतो. सहा दिवस भाजलेल्या अंगाने त्यांनी झुंज दिली होती. हात धुऊन उठलो, आणि रडू यायच्या आधी राग आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही. शोकसभेत आमचे साहेब म्हणाले की, इतका अनुभवी माणूसही बोल्ट जास्त आवळून बसला... माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तरी मी मान खाली घालून उभा राहिलो.

डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात सुदामदादा फिटर आणि मी स्टोअरमध्ये. बोल्टच्या डोक्यावर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय दादा तो हातात घेत नसत. स्टोअरच्या चिठ्ठीवर नुसतं 'बोल्ट' लिहून आणणाऱ्या हेल्परला ते परत धाडायचे. लग्नाच्या पत्रिकेवर नुसतं 'मुलगी' छापतात का, असं विचारायचे. आकडा मोठा तेवढं स्टील मजबूत, एवढंच मला कळत होतं. म्हणून गरम पाण्याच्या लाइनवरचा बिडाचा व्हॉल्व्ह गळायला लागला आणि साहेबांनी 'चांगले मजबूत बोल्ट दे, चिठ्ठी नंतर करू' म्हटलं, तेव्हा मी स्टोअरमधले सगळ्यात मोठ्या आकड्याचे, दहा-नऊचे काढून दिले. वर मिरवलोही. दादा दोन दिवस रजेवर होते. ठेकेदाराच्या माणसांनी जोर वाढावा म्हणून पान्याच्या दांड्याला पाइप लावून ते बोल्ट करकचून आवळले. गळती थांबली आणि सगळे खूश झाले.

रजेवरून आल्यावर दादांनी बोल्टचे आकडे पाहिले आणि तडक स्टोअरमध्ये आले.

"हे तू दिलेस? अरे, बिडाचा तवा आपटून बघ, दोन तुकडे होतात. पत्र्याचा नुसता चेपतो. बीड ताणलं जात नाही रे, न सांगता फुटतं. तिथे बोल्ट मऊच लागतो. जास्त आवळला तर तो ताणला जाईल, तुटेल, पण बीड वाचेल."

मी म्हणालो, साहेबांनी सांगितलं होतं. आजवर इतकं भित्रं वाक्य मी दुसरं बोललेलो नाही.

लाइन बंद करा, म्हणून दादा साहेबांकडे गेले. शनिवारी बघू, असं उत्तर मिळालं. तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी त्या व्हॉल्व्हखालून कोणी जाऊ नये म्हणून दादा दोरी बांधत होते, तेव्हा व्हॉल्व्हचा बोल्ट बसवलेला कान तुटला आणि उकळतं पाणी थेट त्यांच्या अंगावर आलं. दुसऱ्यांना वाचवायला गेलेल्या माणसावर साहेबांनी निष्काळजीपणाचा शिक्का मारला. दहा-नऊच्या बोल्टची चिठ्ठी कधी झालीच नव्हती. ते कोणी मागवले आणि कोणी दिले, हे साहेबांना ठाऊक होतं आणि मला.

दादांच्या पुण्यानुमोदनाला विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. वहिनींनी दादांच्या पिशवीतून एक पाना काढून, तुम्हीच ठेवा म्हणत, माझ्यापुढे ठेवला. त्याचा दांडा अर्ध्यावर कापलेला होता. बिडाच्या कामाला दादा तेवढाच पाना वापरत, हाताला वाटलं तरी जास्त जोर लागू नये म्हणून.

"भाऊ, तुम्ही तिथेच असता ना? ह्यांनीच आवळलेले का ते बोल्ट?"

मी पाना उलटसुलट करून बघत बसलो. त्या बाईने मला चहा दिला, आणि तो मी प्यायलोसुद्धा. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मला अपघाताच्या चौकशीला बोलावलं. पाना टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "सुदामदादा हा पाना वापरायचे. याने आवळून बीड फोडून दाखवा. बोल्ट मी दिले होते, या साहेबांच्या सांगण्यावरून. दादा त्या दिवशी रजेवर होते." माझं म्हणणं लिहून घेईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. सही केली, पाना उचलला. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चाललं नाही.

आता मी घरीच असतो. परवा मोरीतला नळ गळत होता, तो याच पान्याने आवळला. मनातल्या रागाने हात आणखी जोर लावायला दांड्यावर मागे सरकला... आणि दांडा संपला.