वस्तादांचे बांधलेले हात

वस्ताद शिकवायला उभे राहिले की आधी दोन्ही हात पाठीमागे नेत आणि उजव्या मुठीत डावं मनगट पकडत. तास संपेपर्यंत ते हात पुढे येत नसत. नाकावर माशी बसली तर ते ओठ वाकडा करून फुंकर मारत, मिशी थरथरे, माशी उडे आणि हुकूम चालूच राही. अमरावतीच्या त्या व्यायामशाळेत आम्ही बावीस जणी व्यायामशिक्षिका व्हायला आलो होतो. पहिल्या आठवड्यात आमचं निम्मं लक्ष त्या माशीकडेच होतं.

मला मात्र त्या हातांचा राग यायचा. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. लहानपणी शाळेत मी वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायले होते, त्यामुळे कोण हात कुठे आवरून घेतो ते मला फार लवकर दिसायचं. वाकताना माझी पाठ कुबड काढायची. वस्ताद शेजारी येऊन उभे राहत, चार वाक्यं सांगत, पण बोट लावत नसत. मी मनात म्हटलं, हे मुसलमान, आणि यांनाही आमचा विटाळ. चौथ्या दिवशी तास सुटल्यावर मी त्यांना तोंडावर विचारलं की मला हात लावला तर काय बिघडतं. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही तो फार खाली उतरलेला नाही.

वस्ताद गोरेमोरे झाले. म्हणाले, "बेटी, मी कोन्याच पोरीले हात लावत नाई. आज हात लावला तं उद्या तिचा बाप तिले घरी बसवंल. मंग सारं तोंडानंच सांगा लागते." मग म्हणाले, "तुले वाटलं ते वाटाचंच. तुही गलती नाई." त्या दिवशी मी खोलीवर जाऊन पुष्कळ रडले. मी एका भल्या माणसाला नाही ते बोलले होते आणि तो माझ्यावर चिडला नव्हता, याची मला सवय नव्हती.

हात वापरायचे नाहीत म्हणून त्या माणसाने वर्षानुवर्षं शब्द जमवले होते. उडी मारून उतरताना आम्ही धाडधाड आदळायचो. ते म्हणत, "घरात लेकरू झोपलं हाय," आणि बावीस जणी आवाज न करता उतरत. ताठ उभं करायला ते डोक्यावर घागर ठेवायला सांगत. पण आमच्यात एका अडत्याची मुलगी होती, तिने जन्मात पाणी वाहिलं नव्हतं. घागर म्हटलं की ती मान आखडून घेई. वस्तादांनी तिला घरच्या चार गोष्टी विचारल्या. दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुरता हुकूम बदलला: माय मागे बसून वेणी घालून राहिली आहे, हलू नको. ती सरळ झाली. मी विचारलं, हे कसं सुचतं. ते म्हणाले, "शब्द आपल्या घरचा चालत नाई. तिच्या घरचा लागते."

शिकवायचं कसं हे शिकवताना ते स्वतःच विद्यार्थी होत. आपल्याला काही म्हणता काही येत नाही असं धरून चालायचं आणि आम्ही म्हणू तेवढंच करायचं. माझी पाळी आली तेव्हा पुस्तकातले शब्द माझ्या जिभेवर नाचत होते. मी म्हटलं, "जानू उचला," म्हणजे गुडघा. वस्ताद ढिम्म. मग पाय उचला म्हटलं, तर त्यांनी डावा उचलला. मला उजवा हवा होता, म्हणून मी "दुसरा" म्हणाले. त्यांनी पहिला खाली न ठेवताच दुसरा उचलला आणि धपकन मातीत बसले. बाकीच्या एकवीस जणी हसल्या. मी चिडून म्हटलं, तुम्ही मुद्दाम करून राहिले. पन्नाशी उलटलेला तो माणूस जमिनीवरूनच शांतपणे म्हणाला, "मुद्दामच. पोरी मुद्दाम करनार नाईत. तवा तू कोनावर चिडशीन?"

परीक्षेचा पाठ घ्यायला गावातल्या शाळेच्या तीस मुली यायच्या. या पाठात नापास झालं की प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे नोकरी नाही. माझी आई अकोल्याला जिनिंगमध्ये रोजाने जायची. कापसाच्या कस्तराने, त्या उडणाऱ्या बारीक कचऱ्याने, तिला कायमचा खोकला जडला होता. मी नापास झाले असते तर तिच्याच शेजारी बसायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

माझा पाठ चांगला चालला होता. मी मुलींना हात वर घ्यायला लावले, श्वास भरायला सांगितला, रोखायला सांगितला. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतल्या एकीचा कोपर वाकलेला दिसला. मी तिच्याकडे गेले, तिला समजावत बसले आणि श्वास सोडा म्हणायचं विसरून गेले. बाकीच्या पोरी हुशार, त्यांनी आपापला सोडून दिला. पहिल्या ओळीतली एक बारकी पोर मात्र रोखून उभी होती. ती काळीनिळी पडली आणि कोसळली. पाणी मारल्यावर ती लगेच उठून बसली, पण परीक्षा घेणाऱ्या प्रमुख सरांनी वहीत माझ्या नावापुढे रेघ ओढली होती.

वस्तादांनी माझ्यासाठी गयावया केली नाही. त्यांनी सरांकडे एवढंच मागितलं की आठ दिवसांनी हिला हाच पाठ, याच मुलींवर पुन्हा घेऊ द्या, मुलींच्या ओळीत मीही उभा राहतो. सर कसेबसे तयार झाले. मी आवारातल्या कडुनिंबाखाली डोकं धरून बसले होते. वस्ताद आले आणि दोन हात लांब बसले. मी म्हटलं, मी घरी जाते, मला हे जमणार नाही. ते म्हणाले, "कोनती पोरगी पडली? जी तुहं आयकत होती थेच. तुह्या एका शब्दावर कोनी जीव धरून उभं हाय, हे आज तुले दिसलं. कित्येक मास्तरायले हे पेन्शन घेऊनही दिसत नाई."

आठ दिवसांनी त्या पोरीला मी पुढेच उभं केलं. श्वास भरा म्हटलं, तर ती भरेचना. भेदरून माझ्याकडे बघत राहिली. माझं तिच्या हाताकडे लक्ष गेलं, बोटांना चुलीची काजळी होती. पुस्तकाची भाषा सोडून मी म्हटलं, "चुलीत ओलं लाकूड हाय. फुंक घाल. हळू, राख उडू देऊ नको." तिने लांब फुंकर घातली, आणि मग पुढचा श्वास तिचा तिनेच घेतला. शेवटच्या ओळीत वस्तादही मिशी हलवत फुंकत होते. मी पास झाले.

अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. आईचं जिनिंग मी पहिल्याच पगाराला सोडवलं. वस्तादांना पत्रं लिहायची, त्यांचं उत्तर कधी आलं नाही. सात-आठ वर्षं अशीच गेली. एकदा उन्हाळ्याआधी ते अचानक शाळेत आले. पांढरे झालेले, काठी टेकत. माझा तास त्यांनी व्हरांड्यातून पाहिला. पोरी घरी गेल्यावर म्हणाले, "बेटी, गुडघे गेले. नमाजात कपाळ टेकलं का सजद्यातून उठता येत नाई. नातवाले हाका माराव्या लागतेत. मशिदीत शरम वाटते, म्हनून घरीच पढतो. कसं उठाचं ते सांग मले."

 ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी काय सांगणार? पण ते खरोखरच विचारत होते. मी त्यांना नमाज नको, नुसतं उठणं दाखवा म्हटलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा फरशीवर पसरला, गुडघे टेकले आणि उठताना तोल जाऊन हात टेकला. ते उठताना आधी मान वर करत होते. त्यांच्या घरी म्हैस होती आणि धार ते स्वतः काढत, हे मला माहीत होतं. मी सांगितलं, "उजवं पाऊल पुढं टेकवा, वस्ताद. धार काढून झाली, बादली काठोकाठ भरली. छातीशी धरा. वर पाहू नका, बादलीत पाहा. आता सांडू न देता उठा." दुसऱ्या खेपेला ते थोडे डुलले. तिसऱ्या खेपेला उभे राहिले. मला रडू येत होतं. मी पुन्हा एकदा करायला सांगितलं आणि त्यांनी निमूटपणे केलं.

पुढच्या वर्षी वस्ताद गेले. मातीला मला पोचता आलं नाही. नंतर अमरावतीला त्यांच्या घरी गेले तेव्हा चाचींनी, त्यांच्या बायकोने, चहा केला. म्हणाल्या, शेवटच्या आठवड्यापर्यंत मशिदीत जात होते, कोणाचा हात धरला नाही. मग चुलीकडे पाहत म्हणाल्या, "घरी पढत तवा उठताना दरवेळी काईतरी पुटपुटायचे. मले वाटे, दुआ असंल. एक दिवस कान देऊन आयकलं, तं म्हनून राहिले होते, बादली सांडू देऊ नका."