तिसऱ्या काळ्या पट्टीचा सूर

"सगळंच जुळवू नये. एक सूर जरा वाकडा ठेवावा, म्हणजे वाद्य ओळखू येतं," असं कानसवाले म्हणत. जेवताना म्हणत, दाढी करताना म्हणत. लेकीच्या लग्नात जावयाचा हात हातात घेऊनसुद्धा त्यांनी हेच सांगितलं. जावई बिचारा आठवडाभर विचार करत बसला, की वाकडा सूर म्हणजे आपणच की काय.

त्यांचं काम अकॉर्डियन दुरुस्त करण्याचं. पुढच्या खोलीत, खिडकीखाली मेज, मेजावर मेणाचा गोळा, चामड्याच्या चिंध्या आणि बोटाएवढी बारीक कानस. ती कानस कायम सदऱ्याच्या खिशात, म्हणून नाव पडलं कानसवाले. वाद्याच्या पोटातली पोलादी पत्ती ते उजेडात धरत, एकदा घासत, कानाशी नेऊन छेडत, पुन्हा घासत. सगळ्या पत्त्या जुळल्या, की मधल्या तिसऱ्या काळ्या पट्टीची पत्ती मुद्दाम केसभर उतरवून ठेवत. तो सूर दाबला की पाण्यावरच्या उन्हासारखा हलायचा. ही त्यांची सही. गिऱ्हाइकाला ती कधी कळली नाही आणि त्यांनी कधी सांगितली नाही.

एकतीस वर्षांपूर्वी एक फाटका पोरगेला वादक आपली अकॉर्डियनची पेटी घेऊन आला होता. ती त्यांनी जुळवून दिली. वर्षभरात त्याच्या पाच जणांच्या बँडची पहिली कॅसेट निघाली, आणि तिसऱ्या गाण्यात तो सूर हलला! कानसवाल्यांनी सगळं घर गोळा केलं. "ऐका, आता येईल. हा! हा माझा."

"मला तर सगळं सारखंच ऐकू येतं," बायको म्हणाली. ऐकू आलं ते फक्त सात वर्षांच्या लेकीला. तेव्हापासून बँड मोठा होत गेला आणि कानसवाल्यांची गोष्ट गल्लीत थट्टेची झाली. "काय, तुमचा बँड काय म्हणतोय?" असं न्हावीसुद्धा विचारायचा. ते हसण्यावारी नेत. पण आत कुठेतरी लागायचं, हे लेकीला ठाऊक होतं.

म्हणून बँड गावात येतोय म्हटल्यावर तिने चार तिकिटं काढली. कार्यक्रम दुपारी चारचा. कार्यक्रमानंतर वादक लोकांना भेटणार, असं तिकिटावरच छापलेलं.

"आज त्याच्या तोंडून ऐकू," बायको टोमणा मारत म्हणाली, पण साडी मात्र ठेवणीतली नेसली. "तो हो म्हणाला, तर जन्मात पुन्हा बोलणार नाही."

"कागदावर लिहून घ्या, बाबा," जावई म्हणाला.

कानसवाल्यांनी ती जुनी कॅसेट रुमालात बांधून घेतली होती. वाटेत दोनदा चाचपली.

सभागृह खच्चून भरलेलं. अकॉर्डियनवाला आता पांढऱ्या केसांचा, पोट सुटलेला. गळ्यातलं लालभडक वाद्य थोपटत तो म्हणाला, "माझी पहिली पेटी पंधरा वर्षांपूर्वी आगीत गेली. ही तिची नात. गेल्याच महिन्यात आणली, कोरी करकरीत." लोक हसले. कानसवाले पुढे झुकले. आपली पेटी जळली, हे त्यांना आजच कळत होतं.

मग तिसरं गाणं. तीच चाल, तोच श्वास, आणि तिथेच, त्याच जागी, सूर हलला.

लेकीच्या अंगावर काटा आला. "बाबा, तुमचा!" म्हणत ती वळली, आणि तिला त्यांचा चेहरा दिसला. तिलाही उमगलं. जळून गेलेली पेटी वाजत होती. कोऱ्या वाद्यावर बोटं नुसती नाचत होती. आवाज मागच्या यंत्रातून येत होता, तीस वर्षांपूर्वीचा. पाचही जण मान डोलावत होते. बायको डोळे पुसत होती. लेकीने तिला इतक्या वर्षांत कशावर असं विरघळलेलं पाहिलं नव्हतं.

गाणी संपली. लोक रांगेला लागले. "जा ना आता," बायको म्हणाली, "विचारा." लेक त्यांच्यासोबत गेली.

"काय आवडलं, काका?" अकॉर्डियनवाल्याने सहीसाठी पेन उचलत विचारलं. ओळखीची खूण चेहऱ्यावर नव्हती.

"वाद्य कुणी जुळवलंय?"

"आता कारखान्यातूनच जुळून येतं."

"कारखाना काळी तिसरी उतरवत नाही."

पेन थांबलं. वादकाने मागच्या रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बोटं वळत नाहीत हो. पाच वर्षं झाली. लोकांना जुनंच ऐकायचं असतं. कुणाला सांगू नका." त्याने आखडलेली बोटं पुढे केली. "तुम्हाला कसं कळलं?"

रुमाल कानसवाल्यांच्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. लेकीने रुमालाच्या गाठीकडे पाहिलं.

"कान आहेत, म्हणून," ते म्हणाले आणि रांगेतून बाहेर आले.

बायको पायऱ्यांवर वाट पाहत होती. "काय म्हणाला? ओळखलं?"

"नाही. ती पेटी मी जुळवलेली नव्हती. माझीच चूक झाली."

"बाई गं!" बायको कपाळाला हात लावून हसली. "तीस वर्षं मी दुसरं काय सांगत होते?" जावईसुद्धा हसला, मोठ्याने आणि मनापासून. मग तो गाडी काढायला गेला आणि बायको, अजून तेच गाणं गुणगुणत, त्याच्यामागे.

"बाबा, खरं सांगून टाका ना," लेक म्हणाली. "मी आहे साक्षीला."

"काय सांगू? माझा सूर खरा आणि त्यांचं वाजवणं खोटं? एक सांगितलं की दुसरं आलंच." त्यांनी रुमाल तिच्या हातात कोंबला. "तुझ्या आईला आज रडू आलं. ते राहू दे."

"गाडीत तरी चला."

"तिथे तेच गाणं लावतील."

ऊन अजून उतरलं नव्हतं. ते रस्ता ओलांडून बंद दुकानांच्या कडेने चालू लागले, खिशातल्या कानशीवर हात ठेवून. लेक पायऱ्यांवर उभी राहून पाहत होती. सभागृहाच्या बाजूच्या दारात अकॉर्डियनवालाही आला होता, हात खिशात घालून. त्यालाही त्याच पाठमोऱ्या माणसाकडे बघताना तिने पाहिलं. तो हाक मारेल, असं तिला क्षणभर वाटलं. त्याने मारली नाही, आणि कानसवाले वळणावर दिसेनासे झाले.