स्टँडमागचा थाई चिकन राईस

कोल्हापुरात स्वस्त आणि चांगला थाई चिकन राईस कुठे मिळतो, असं वीसेक वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी स्टँडमागचा एक गाडा दाखवला असता. गाडेवाल्यानं बँकॉकच्या हॉटेलात काम केलं होतं. अख्खी कोंबडी आलं-लसूण घालून उकडायची, त्याच पाण्यात भात शिजवायचा आणि मिरचीची चटणी वेगळ्या वाटीत द्यायची, ही त्याची रीत. गिऱ्हाइकं म्हणायची, "पावणं, तांबडा रस्सा ऱ्हाऊ द्या, निदान हळद तरी टाका की!" तो न हसता चटणीची वाटी पुढं सरकवायचा.

माझ्या पत्नीचं तोंड कॅन्सरच्या उपचारांनी सोलवटलं होतं. तिला एवढा बिनतिखट भातच घशाखाली जायचा. हे कळल्यापासून तो तिच्या पार्सलातलं मांस बोटांनी चाचपून बारीकसुद्धा हाड राहू द्यायचा नाही.

तिच्या तेराव्यानंतर मी गाड्यावर गेलो. त्यानं सवयीनं पार्सल भरायला घेतलं.

"नको," मी म्हणालो. "ती गेली."

त्याचा हात थांबला. "शेवटाला काय खाल्लं वो त्यांनी?"

"तुमचाच भात. आदल्या दिवशी, चार घास."

"मग उपाशी न्हाय गेल्या," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी ताट वाढू लागला.